लादी

औलीहून परतलो त्याच रात्री
डबा घेऊन ससून डॉकवर गेलो.
बर्फाच्या कारखान्यात बाबांना एकतीस वर्षं झाली.
आता रात्रपाळी मागून घेतात,
म्हणतात, दिवसा बर्फाला लोक घाई करतात.

दारातच अमोनियाचा वास,
लहानपणी त्यांच्या बनियनला यायचा तोच.
टाकीवरच्या फळ्यांवर बसून
त्यांनी बोंबलाच्या कालवणात भाकरी कुस्करली
आणि पहिला प्रश्न विचारला,
'कुठला बर्फ? काचेचा, की दुधाचा?'

बाबा, तो पडलेला असतो. पिठासारखा.
'म्हणजे क्रश.'
नाही, क्रशला धार असते. हा
हा तर
(आणि एवढं शिकलेल्या मला शब्द सापडेना)
हा पायाखाली नव्या सुती साडीसारखा वाजतो.
'हं,' म्हणाले. 'कोरडा आहे.'

फोनमधले फोटो दाखवले नाहीत. सांगत गेलो.
सातला निघालो सहा जण, पुढे जगमोहन.
पायांना पुरुषभर लांब पट्ट्या, टाच मोकळी,
हातांत दोन काठ्या. डोंगरावरून सुसाट यायचं नाही,
जंगलातून जायचं: एक पाय ढकलायचा,
दुसऱ्यावर वाहायचं.
देवदार ओझ्याने वाकलेले.
मधेच एखादी फांदी भार टाकते, धप्प,
आणि मग इतकं शांत
की मला माझ्याच कानातलं रक्त ऐकू आलं.
कोल्ह्याची पावलं सरळ गेलेली, धावदोऱ्यासारखी.
संत्रं सोललं तर आत कचकच.
पाण्याची बाटली शर्टाच्या आत घ्यायची, तान्ह्या पोरासारखी.
मी अकरा वेळा पडलो.

बाबा बोटं चाटत होते.
'कोणाचा होता एवढा बर्फ?'
कोणाचाच नाही.
'मोटर नाही, साचे नाहीत, मीठ नाही?'
नाही.
'आणि गिऱ्हाईक?'
नाही, बाबा.
'अरेरे,' म्हणाले,
दुसऱ्याचा माल पडून राहिला की म्हणतात तसं.

पुढच्या वर्षी तुम्ही चला, मी म्हटलं.
'मला थंडी सोसत नाही.'

साडेतीनला धक्क्यावरून हाक आली,
बोट निघणार, चाळीस लाद्या.
बाबांनी गमबूट चढवले.
साचे वर आले, पाण्यात बुचकळले,
लाद्या सुटल्या, धुरकट, ओल्या फरशीवर.
त्यांनी आकडा रोवला
आणि एक पाय ढकलला,
दुसऱ्यावर वाहिले.

गुडघा किंचित मोडलेला. खांदे सैल.
नजर दाराच्या चौकटीत, पायांकडे नाही.
जगमोहन दिवसभर माझ्यावर ओरडला
ते सगळं न ओरडता तिथे चाललेलं होतं,
ट्यूबलाइटखाली, माशांच्या खवल्यांवरून,
दीडशे किलोची लादी ओढत,
दारापर्यंत आणि परत. दारापर्यंत आणि परत.
एकसष्टाव्या वर्षी. एकदाही न पडता.

मी काही बोललो नाही. काय बोलणार होतो?

शेवटची लादी त्यांनी थांबवली. 'कान लाव.'
लावला. गाल चरचरला.
आत खोल कुठेतरी, बारीक, तडा जात होता,
दूर कोणी काटकी मोडावी तसा.
'तुझ्या तिकडे वाजतो का असा?'
वाजत होता. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर,
गोठलेल्या ओढ्याकडून. आम्ही सगळे थांबलो होतो.

'मग चांगला बर्फ आहे,' म्हणाले
आणि लादी क्रशरच्या तोंडी दिली.

उजाडताना डबा परत घेतला,
त्यांनी त्यात दोन ओंजळी चुरा भरला होता,
आईला कोळंबी ठेवायला.
कुलाब्याच्या स्टॉपवर बसपर्यंत
माझी मांडी ओली झाली, मग बधिर.
मी डबा उचलून बाजूला ठेवला नाही.